डॅनिश ही भाषा, आणि आसामी मात्र बोली?

परवा घरच्या एका कार्यात आमचे एक काका आसाम सहलीचं वर्णन करत होते. काझीरंगा झालं, कामाख्या झालं, मग गाडी भाषेवर आली. "आसामी म्हणजे काय गं, बंगालीच. जरा वेगळ्या हेलात बोलायची." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि दहाच मिनिटांत त्याच पंगतीत कोपनहेगनला गेलेल्या भाच्याचं कौतुक सुरू झालं. डॅनिश शिकतोय म्हणे! केवढी अवघड भाषा!

मी जिलबी खात गप्प बसले. पण ते काही पचलं नाही (जिलबी पचली). म्हणून हा लेख. काका, तुम्ही इथे वाचता हे माहीत आहे. राग मानू नका, पण तुमचं चुकलंच.

आधी साधा हिशोब. डॅनिश बोलणारे साठेक लाख. आसामी मातृभाषा असलेले २०११ च्या जनगणनेत दीड कोटींच्या वर. म्हणजे लहान भाषा कोणती, ते तुम्हीच ठरवा.

बरं, जवळिकीचं म्हणाल तर डॅनिश आणि नॉर्वेजियन किती जवळ आहेत? १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होता आणि तिथली लिहायची भाषा डॅनिशच होती. आज नॉर्वेत जास्त चालणारं 'बोकमोल' हे लेखी रूप त्यातूनच घडलं. कोपनहेगनचं वर्तमानपत्र ऑस्लोचा माणूस सहज वाचतो. अडतो तो ऐकताना, कारण डॅनिश माणूस निम्मी अक्षरं गिळतो. तरी डॅनिशला नॉर्वेजियनची बोली कोणी म्हणत नाही.

आता आसामी आणि बंगाली. लिपी जवळजवळ एकच, 'र' आणि 'व' ही दोन अक्षरं वेगळी. बहुतेकांची गल्लत इथेच होते. पाटीवर बंगाली दिसतं, म्हणून भाषाही बंगाली! जरा कान द्या की. बंगाली माणूस बहुतेक ठिकाणी 'श' म्हणतो, तिथे आसामी माणूस 'ख' आणि 'ह' यांच्या मधला एक घासणारा आवाज काढतो. 'चाह' लिहितो आणि 'साह' म्हणतो. 'त' आणि 'ट' यांतला फरक आसामी उच्चारात उरलेलाच नाही, बंगालीत तो ठणठणीत आहे. 'मला माहीत नाही' हे बंगालीत 'जानि ना', आसामीत 'नाजानो'. नकार आधी, क्रियापद मागून. आणि नात्यांची गंमत बघा. माझे वडील 'देउता', पण त्याचे वडील 'देउताक'. वडील कोणाचे, त्यावर शब्दाचं शेपूट बदलतं. बंगालीत हे नाही. याला हेल म्हणतात का, काका?

गंमत म्हणजे डॅनिश आणि आसामी इतक्या दूरच्या, तरी त्यांच्यात एक खोड सारखी आहे. 'तो ठरावीक माणूस' म्हणायचं तर दोघी शब्दाच्या शेवटी काहीतरी चिकटवतात. डॅनिशमध्ये 'मान'चं 'मानेन', आसामीत 'मानुह'चं 'मानुहजन'. ही खोड नॉर्वेजियनलाही आहे आणि बंगालीलाही. बहिणी आहेत, सारख्या दिसणारच. पण बहीण म्हणजे मोलकरीण नव्हे.

डॅनिश आकड्यांना सगळं युरोप हसतं. त्यांचा पन्नास म्हणजे मुळात 'अडीच वेळा वीस', आणि अडीचसाठी शब्द काय, तर 'अर्धा तिसरा'. हसू नका. आपला 'अडीच' 'अर्धतृतीय'वरूनच आला आहे, आसामी 'आढै'सुद्धा. तीन घरांत एकच जुनं भांडं.

मग फरक कशात आहे? डॅनिशच्या पाठीशी राजा होता, सैन्य होतं, दप्तर होतं. आसामीच्या वाट्याला कंपनी सरकार आलं. १८३६ मध्ये आसामच्या कचेऱ्यांत आणि शाळांत बंगाली आली ती १८७३ पर्यंत. पोरांना आपल्याच गावात परक्या भाषेत धडे. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४६ मध्ये शिवसागरहून 'अरुणोदय' मासिक काढलं, आनंदराम ढेकियाल फुकनांनी १८५५ मध्ये इंग्रजीत पुस्तिका लिहून आमची भाषा वेगळी आहे हे साहेबाला पटवायचा प्रयत्न केला. स्वतःची आई आपली आहे, याचे पुरावे गोळा करायचे!

हे डॅनिशलाही चुकलेलं नाही. १८६४ च्या युद्धात श्लेस्विग प्रशियाकडे गेलं. १८८८ मध्ये तिथल्या शाळांत जर्मन हीच शिकवायची भाषा ठरली. १९२० मध्ये सार्वमत होऊन उत्तरेचा भाग परत मिळाला.

पण कळ सोसलेला माणूस शहाणा होतोच असं नाही. त्याच डॅनिशने फेरो बेटांवर चर्च, शाळा, कचेरी सगळं व्यापलं होतं. फेरोईजला मान मिळाला तो १९४८ मध्ये. ग्रीनलँडची भाषा तिथली एकमेव राजभाषा झाली २००९ मध्ये. आणि आसामीने? १९६० मध्ये राजभाषेचा कायदा झाला आणि १९ मे १९६१ रोजी सिलचरला बंगालीसाठी उभ्या राहिलेल्यांवर गोळीबार होऊन अकरा जण गेले. ते मी लपवणार नाही. 'तुमची ती बोली' हे वाक्य कोणीही बोललं तरी तितकंच वाईट.

आता शेवटचं, आणि हे फक्त काकांसाठी नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्याच दिवशी, त्याच निर्णयात आसामीलाही तो मिळाला, आणि बंगालीलाही. वेगवेगळा. ते आपल्यापैकी किती जणांनी वाचलं?

आणि कोकणी? साहित्य अकादमीने १९७५ मध्ये स्वतंत्र मानली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. तरी आपल्या घरात आजही "कोकणी म्हणजे मराठीचीच बोली" हे वाक्य चहाबरोबर येतं. माझ्याही तोंडून आलेलं आहे, गोव्याच्या एका मैत्रिणीसमोर. ती काही बोलली नाही. नुसती कप विसळायला उठली.

ती का उठली, ते मला परवाच्या पंगतीत कळलं.