दोन नंबर मोठी

दिवाळी सरली, की निफाड-लासलगावच्या पट्ट्यात पहाटेचा गारठा जाणवू लागतो. डिसेंबर-जानेवारीत तेथील पारा अनेकदा एक आकडी होतो. दुपारी मात्र ऊन चटका देते. सकाळच्या शाळेला निघालेल्या मुलाची कसोटी लागते ती या पहिल्या दोन तासांत.

अशाच एका व्यापारी घरातील आजी सुनेसह आठ वर्षांच्या नातवासाठी गरम विजार घ्यायला निघाल्या. दुकानदाराने अंगासरशी बसणारी विजार पुढे करताच आजी म्हणाल्या, "अगं, दोन नंबर मोठी घे. पोराचं अंग वाढतं आहे. तीन हिवाळे सहज निघतील." सुनेने मान डोलावली. हिशेब वरवर चोख होता.

पंधरा दिवसांनी नातवाच्या दप्तरात डबा ठेवताना तीच विजार आजींच्या हाती लागली. घडी करून वह्यांखाली दडवलेली. मुलगा घरून ती घालून निघे आणि कोपऱ्यावर काढून अर्ध्या चड्डीतच शाळा गाठी. कमरेला गाठ मारूनही ती घसरत होती, घोटे पायाखाली येत होते, सायकलच्या साखळीत एकदा टोक अडकलेही होते. "आजी, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही," एवढेच तो म्हणाला. तीन हिवाळ्यांसाठी घेतलेल्या कपड्याने एका सकाळचीही ऊब दिली नव्हती.

व्यापारात ज्याला उठाव नाही तो माल कितीही स्वस्त घेतला, तरी भांडवल अडकवणाराच ठरतो. कपाटातील कपड्यालाही हाच न्याय लागू आहे.

ऊब कापडाच्या जाडीइतकीच त्यात कोंडून राहिलेल्या स्थिर हवेवर अवलंबून असते. विजार फार सैल असेल, तर प्रत्येक पावलागणिक आतली उबदार हवा बाहेर जाते व गार वारा आत शिरतो. फार घट्ट असेल, तर लव दबते आणि हवेला जागाच उरत नाही. म्हणून कंबर आणि बैठक आजच्या मापाची असावी. आत एक पातळ सुती पायजमा मावेल एवढीच सैल. शाळेत ऊन चढल्यावर वरची विजार काढून ठेवता येते, ही सोय दुहेरी कपड्यातच आहे.

मग वाढीचे काय? साधारण ४ वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलाची उंची वर्षाला सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. त्यातील निम्म्याहून थोडी अधिक वाढ पायांची धरली, तरी विजारीला वर्षाकाठी सव्वा इंचाच्या आसपास लांबी लागते. कमरेचा घेर तर त्याहून सावकाश वाढतो. म्हणजे घोट्याशी आतून २ इंच कापड दुमडून हातशिलाई घातली, की दोन हिवाळ्यांची तजवीज होते. कमरेत सरकवता येणारे इलॅस्टिक असल्यास उत्तमच. वयात येताना मात्र उंची झपाट्याने वाढते. त्या एक-दोन वर्षांत पुढच्या हिवाळ्याची खरेदी आधीच करून ठेवू नये.

कापड निवडताना आतून लव उठवलेले सुती होजिअरी रोजच्या शाळेला पुरेसे होते. ते त्वचेला मऊ असते, मात्र ओले झाल्यास लवकर वाळत नाही. लोकर किंचित दमट झाली तरी ऊब धरते, परंतु काही मुलांना ती टोचते. तेव्हा आत सुती कापड हवे. ॲक्रिलिक हलके व स्वस्त असते, पण आचेजवळ ते वितळून कातडीला चिकटते. लव असलेले सुती कापडही चटकन पेट घेते. शेकोटीभोवती बसणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे विसरून चालत नाही. घोट्याशी लोंबणाऱ्या नाड्या तर टाळाव्यातच.

खरेदीच्या वेळी मुलाला बरोबर न्यावे. उकिडवे बसायला, पायरी चढायला सांगावे. बसताना पाठ उघडी पडत नसेल आणि चालताना घोटा टाचेखाली जात नसेल, तर माप जमले. हंगामाअखेर भाव उतरतात तेव्हा पुढच्या वर्षासाठी घ्यायचे झाल्यास एकच माप मोठे पाहावे.

लासलगावच्या त्या घरात पुढच्या रविवारी आजींनी स्वतः फीत हाती घेतली. नातवाला उंबऱ्याशी उभे करून माप घेतले, त्यालाच रंग निवडू दिला आणि घोट्याची दुमड आपल्या हाताने शिवली. दोन नंबर मोठी विजार त्यांनी शेजारच्या मोठ्या मुलाला देऊन टाकली. दुसऱ्या सकाळी नातू कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. तो थांबला नाही.