एका दिवसात सहा ठिकाणं?



दिवाळी संपली की आपल्या ग्रुपवर दक्षिण यात्रेची पत्रकं फिरायला लागतात. यंदाच्या एका पत्रकात एकाच दिवसाच्या रकान्यात धर्मस्थळ, वेणूर, मूडबिद्री, कारकळ, वारंग आणि शेवटी "मंगळूर शहर व बीच" असं छापलंय. सहा ठिकाणं. नुसतं गाडीचं अंतर धरलं तरी दीडशे किलोमीटरच्या वर जातं. त्यात चाळीस माणसांचं चहापाणी, कुणाचा चष्मा राहिला, कुणाची चप्पल हरवली. मग एकेका भगवंताच्या वाट्याला किती मिनिटं येतात, याचा हिशोब तुम्हीच करा.

उतरा, नमस्कार करा, फोटो काढा, चढा. माझी लेक याला "हजेरी लावायची ट्रिप" म्हणते आणि यायला नाही म्हणते. तिला नास्तिक म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण तिचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. आपल्या पोरी यात्रेपासून लांब चालल्या आहेत त्या देवामुळे नाही, या पत्रकांमुळे. कारण पत्रक करणाऱ्यांना वाटतं, ठिकाणं जितकी जास्त तितकी पैशाची वसुली.

माझं मत असं, की मंगळूरकडे जायचंच असेल तर मुक्काम मूडबिद्रीला करा आणि मंगळूर शहर एका दिवसात बघून या. सहलवाले नेमकं उलट करतात. ते शहरात हॉटेल घेतात आणि मूडबिद्री "अर्ध्या दिवसात" उरकतात. जेमतेम ३५ किलोमीटरचं अंतर आहे. पण कुठे झोपतो आणि कुठे नुसतं डोकावतो, याने सगळा प्रवास बदलतो.

मूडबिद्रीला जैन काशी म्हणतात. गावात १८ बस्त्या आहेत, तिकडे त्यांना बसदी म्हणतात. सगळे जातात ते साविर कंबद बसदीला, म्हणजे हजार खांबांच्या बस्तीला. ती १४३० मधली, मूलनायक चंद्रनाथ स्वामी. खांबांवरचं कोरीवकाम प्रत्येकाचं वेगळं आहे. मला खांबांपेक्षा तिची छपरं आवडतात. एकावर एक उतरती, पाऊस झेलणारी. तिकडचा पाऊस आपल्यासारखा शिडकाव्याचा नाही, जूनपासून तीन-चार महिने कोसळतो. देवळ बांधणाऱ्याने आधी आभाळ बघितलं आणि मग छप्पर घातलं, असं ते बांधकाम आहे.

पण तासभर बसून राहावं अशी गोष्ट वेगळीच आहे. धवला, जयधवला आणि महाधवला या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रावरच्या प्रती शतकानुशतकं याच गावात राहिल्या. षट्खंडागमावरची आचार्य वीरसेनांची धवला टीका नवव्या शतकातली. जगात इतरत्र ती हाती लागत नव्हती आणि मूडबिद्रीलाही यात्रेकरूंना लांबून दर्शन मिळायचं, वाचायला नाही. मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खटपट केली, तेव्हा कुठे नक्कल उतरवून घ्यायला परवानगी मिळाली. अट अशी, की नक्कल गावाबाहेर जायची नाही.

हे काम करणाऱ्यांत गजपती शास्त्री होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई स्वतः विदुषी होत्या. त्या दोघांनी घरी बसून गुपचूप आणखी एक कन्नड नक्कल उतरवली. ती नक्कल पुढे सहारनपूरला गेली, तिच्यावरून नागरीत दुसऱ्या झाल्या, आणि ते ग्रंथ हळूहळू जगासमोर आले. १९३९ मध्ये धवलेचा पहिला छापील भाग निघाला तो आपल्या अमरावतीहून, प्रा. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली.

आता गुपचूप नक्कल करणं बरोबर का, यावर आमच्या स्वाध्यायात दोन तट पडले. एक काकू म्हणाल्या, अचौर्याचं काय? प्रश्न रास्त आहे. मी मात्र लक्ष्मीबाईंच्या बाजूची. शास्त्र कुलपात ठेवून वाळवीला देण्यापेक्षा ते उतरवणं बरं. आणि जरा डोळ्यांसमोर आणून बघा. दिव्याच्या उजेडात एक बाई हजारो ओळी उतरवते आहे, त्याही अर्थ कळत असताना. स्वयंपाक, पाणी, सोवळं-ओवळं सांभाळूनच केलं असणार. आपण दर श्रुतपंचमीला शास्त्रावर अक्षता वाहतो, पण तिचं नाव एकदाही घेत नाही. ज्या गावात हे घडलं, तिथे आपली बस वीस मिनिटं थांबते.

शहराचं बघायचं तर मंगळूरच्या यादीत सेंट अलॉयशियसचं चॅपल असतं. इटालियन चित्रकार मोशेनी यांनी १९००च्या आसपास रंगवलेल्या भिंती खरंच बघण्यासारख्या आहेत, दुसऱ्या धर्माचं म्हणून टाळू नका. कद्री मंजुनाथाचं देऊळ असतं, सुलतान बत्तेरी असते. ज्या ठिकाणी मला आवर्जून न्यायचंय ते मात्र यादीत तळाला असतं, किंवा नसतंच. नेत्रावती ओलांडून दक्षिणेला गेलं की उल्लाळ. हे चौटा या जैन घराण्याचं गाव. सोळाव्या शतकात इथल्या राणी अब्बक्काने पोर्तुगीजांना खंडणी नाकारली आणि त्यांच्याशी लढली. तिच्या नावाचं तटरक्षक दलाचं जहाज २०१२ मध्ये सेवेत आलं. झाशीची राणी आपल्या पोरींना तोंडपाठ असते, असावीच. पण आपल्याच धर्मातली ही राणी पाठशाळेच्या एकाही तक्त्यावर मला दिसलेली नाही.

१६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी उल्लाळच्या राणीला भेटला. अब्बक्का नावाच्या एकाहून अधिक राण्या झाल्या असं अभ्यासक मानतात, ही बहुधा नंतरची. ती त्याला रस्त्यात भेटली, अनवाणी, साधं जाडंभरडं पांढरं वस्त्र नेसलेली, चालू असलेलं खणाईचं काम पाहून परत येताना. त्याला ती राणी कमी आणि स्वयंपाकघरात राबणारी बाई जास्त वाटली, आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. मग ती बोलायला लागली, आणि तिच्या बोलण्यातला शहाणपणा पाहून त्याला आपलं मत बदलावं लागलं. मला ती वाचल्यापासून फार जवळची वाटते. कामावर लक्ष ठेवायला गेलेल्या बाईने काय शालू नेसायचा?

या राण्या गादीवर कशा आल्या, तेही पोरींना सांगा. तुळूनाडातल्या जैनांमध्ये, बंट आणि बिल्लवांमध्येही, अळियसंतान पद्धत होती. वंश आणि मालमत्ता आईकडून चालायची. राजाचा वारस त्याचा मुलगा नसून बहिणीचं मूल. अब्बक्काला तिच्या मामाने, तिरुमलरायाने, राज्यकारभार शिकवला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही या पद्धतीचा वेगळा उल्लेख आहे. आपल्याकडे अजून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात आणि वर भाऊबीजेला साडी देतात. "आपल्यात अशीच रीत आहे" असं कुणी म्हणालं, तर आपल्यातच दुसरी रीतही होती एवढं तरी आपल्याला माहीत हवं.

बाहुबलींबद्दल थोडक्यात. कारकळचे ४२ फुटी, १४३२ मधले. वेणूरचे ३५ फुटी, १६०४ मधले. धर्मस्थळचे ३९ फुटी, १९८२ मध्ये स्थापलेले. तिघांचं दर्शन एका दिवसात घेतलं की संध्याकाळी कुठली पायरी कुठली हे आठवत नाही. एक निवडा. मी कारकळ निवडेन, कारण समोर १५८६ मधली चतुर्मुख बस्ती आहे. चार दिशांना चार दारं, कुठूनही या, भगवंत समोर. सकाळी ऊन चढायच्या आत पोचा, काळा दगड पायाला पोळतो. वेळ उरला तर वारंगची तळ्यातली बस्ती. होडीतून जावं लागतं, म्हणून पोरं खूश असतात.

आणि बीच. "यात्रेत समुद्र कशाला?" असं विचारणाऱ्या आत्याबाई प्रत्येक बसमध्ये असतातच. मी म्हणते, जायचं. समुद्र कधी न पाहिलेल्या कितीतरी जणी आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या खेड्यांत आहेत. आयुष्यभर पाणी गाळून वापरणाऱ्या बाईला एवढं पाणी एकदा डोळे भरून बघू दे. अडचण वेगळीच आहे. पणंबूर किंवा तण्णीरबावीला सगळे सूर्यास्त बघायला जातात, आणि आपलं जेवण त्याच्या आत आटपायला हवं. म्हणून साडेपाचलाच डबे उघडायचे, हात धुवायचे आणि मग वाळूत उतरायचं. याचा एक फायदा असा, की भेळ-आइस्क्रीमच्या गाड्यांपाशी पोरांची कटकट होत नाही, पोटं भरलेली असतात. शंख-शिंपले गोळा करताना आत जीव आहे का, ते आधी बघायला शिकवा.

खाण्याचं म्हणाल तर तिकडे आपल्याला सोपं जातं. नीर डोसा म्हणजे तांदूळ आणि पाणी, कांदा-बटाट्याचा संबंध नाही. सोबतची चटणी मात्र विचारून घ्या. बन्स केळ्याचे असतात. गोळीबजे मैद्याचे, त्यात काही ठिकाणी आलं असतं. गडबड आइस्क्रीम दिवसा खायचं, आणि त्यातली जेली कशाची आहे हे विचारल्याशिवाय चमचा घालायचा नाही. धर्मशाळेत जेवणाची सोय आहे का, ते निघायच्या आधी फोन करून ठरवा, म्हणजे स्वयंपाकाची भांडी बसमध्ये चढवायला नकोत. ती भांडी चढवणाऱ्या आणि घासणाऱ्या आपणच असतो, पत्रक छापणारे नाहीत.

त्या पत्रकावरच्या नंबरला मी फोन केला होता. म्हटलं, भाऊ, दोन ठिकाणं कमी करा आणि मूडबिद्रीला दोन रात्री द्या. ते म्हणाले, "वहिनी, लोक नावं मोजतात." मी म्हटलं, पंधरा जणी न मोजणाऱ्या मिळाल्या तर वेगळी छोटी गाडी कराल का? हो म्हणालेत. सात जणी झाल्या आहेत, त्यात माझी लेकही आहे.