चेहरे परत आले, पण कोडं कुठाय?

परवा रविवारी कात्रजला दादाकडे गेले होते. दादाने मोठ्या कौतुकाने 'एक्स-फाईल्स'चं कॉमिक्स काढून हातात ठेवलं. "बघ, सीझन दहा!" शेजारी बसलेल्या माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याने चार पानं उलटली आणि विचारलं, "आत्या, हे दोघं कोण? आणि ते दिसले की मी खूश व्हायचं असतं का?"

झालं! दादाचा चेहरा पडला. तेव्हापासून फोनवर वाद चालू आहे, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या थरारमालिका अशा परत आणल्या की शिळ्या वाटतात, कारण चेहरे परत येतात, कोडं येत नाही.

'एक्स-फाईल्स' २००२ मध्ये संपली. २००८ मध्ये सिनेमा आला आणि २०१३ पासून कॉमिक्सने गोष्ट पुढे नेली. मालिकेचा कर्ता ख्रिस कार्टरही सोबत होता. आणि काय केलं? मालिकेत ज्या तीन 'लोन गनमेन'ना आपण जीव देताना पाहिलं, ते मेलेच नव्हते म्हणे! आता थरारकथेत मरणच खोटं ठरलं, तर पुढच्या पानावरच्या पिस्तुलाला कोण भिणार? वर २०१६ मध्ये मालिका टीव्हीवर परतली ती कॉमिक्सची गोष्ट बाजूला सारून. म्हणजे दादाने एवढे अंक जपले ते कशासाठी?

दादा म्हणतो, "तुला कॉमिक्सच आवडत नाहीत." नाही रे बाबा! टीव्हीवरही हेच झालं. पंकज कपूरचा 'करमचंद' १९८५ सालचा. तू गच्चीवर अँटेना सिंहगडाच्या दिशेने फिरवायचास आणि मी जिन्यातून ओरडायचे, "आलं... गेलं... आलं!" तेव्हा असा गाजर खाणारा गुप्तहेर आपण कधी पाहिला नव्हता. २००७ मध्ये तो परतला, तेव्हा गाजर तेच होतं. आपण ते ओळखलं, हसलो आणि विसरलो. ओळख पटण्याचा आनंद वेगळा आणि 'आता काय होणार' ही धाकधूक वेगळी.

मग जुनं परत आणूच नये का? आणावं की! आपल्या फुरसुंगीचा फास्टर फेणे घ्या. भा. रा. भागवतांचा शाळकरी बन्या, ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने केलेला. २०१७ च्या सिनेमात अमेय वाघ आला, बन्या एकदम मोठा झाला. मी नाक मुरडलंच. पण गोष्ट होती मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेतल्या घोटाळ्याची. घराघरात क्लासच्या फिया भरणाऱ्या पुण्यात ही भीती आजचीच होती. म्हणून सिनेमा जिवंत वाटला. याच बन्याचं कॉमिक्स कुणी काढलं तर मी पहिली गिऱ्हाईक. त्याचं 'ट्टॉक्' तर फुग्यात लिहायलाच जन्मलंय, आणि कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये गुंडांच्या गाडीला सायकलवाला सहज गाठेल :)

असो. त्याच दिवशी जेवताना भाच्याने त्याच्या मित्राच्या आजोबांची हकिगत सांगितली. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस, 'डिजिटल अटक', आणि आजोबा दिवसभर खोलीचं दार लावून बसलेले. वहिनीच्या हातातली पोळी तव्यावर करपली, तरी कुणाचं लक्ष नव्हतं. "मग? मग काय झालं?" असं सगळ्यात मोठ्याने कोण विचारत होतं, दादा, आठवतंय ना?

रागावू नकोस. पण पुढच्या वेळी पोराला आपण कशाला घाबरायचो ते दाखवण्याआधी, तो कशाला घाबरतो ते विचार.