आजाराला नाव नाही, म्हणून माणूस आजारी नाही?

मंडळी, आज राखेवर आणि धुरावर लिहीत नाही. ज्यांच्या पायाला महिनोन्‌महिने मुंग्या येतात, हातातून कप निसटतो, चालताना तोल जातो आणि तरीही सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतात, त्यांच्याबद्दल लिहितोय. ऊर्जानगर, दुर्गापूर, तुकूम, कुठल्याही चौकात विचारा, असा एक तरी माणूस सापडेल.

रिपोर्ट नॉर्मल आला की शेजारी म्हणतात, “बरं झालं ना जी, काही निघालं नाही!” त्या माणसाला विचारा काय बरं झालं ते. मुंग्या तशाच आहेत. फक्त आता आपण खोटं बोलत नाही, हे सांगायला त्याच्याकडे कागद उरला नाही.

डॉक्टरांना उगाच दोष देऊ नका. नसांचे आणि मेंदूचे काही आजार ओळखायला वेळ लागतोच. पार्किन्सन सांगणारी साधी रक्ततपासणी नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये एक त्रास येतो, जातो, काही महिन्यांनी दुसराच येतो, तेव्हा कुठे चित्र जुळतं. उलट घाईही नडते. मुंग्या म्हटलं की तपासणीआधीच बी-१२ चं इंजेक्शन ठोकायची आपल्याकडे पद्धत आहे. मग रक्तात बी-१२ भरपूर दिसतं आणि आधी कमी होतं की नव्हतं, ते कळायचा मार्गच बंद होतो. आणि काही सापडलं नाही की “टेन्शन घेता तुम्ही” हे ठरलेलं. मेंदूची रचना ठीक असून काम बिघडतं असा आजारही असतो. पण तो तपासून, त्याच्या खुणा पाहून ठरवायचा असतो. कंटाळून शिक्का मारायचा नसतो.

म्हणजे थांबणं आलंच. माझा मुद्दा त्या थांबण्याच्या काळाचा आहे. त्या काळात माणसाने खायचं काय?

माझ्या ओळखीचा एक ठेकेदारी कामगार आहे. काम उंचीवरचं. अधूनमधून गरगरतं. सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कामावर दुसरा माणूस उभा असतो, हे त्याला पक्कं माहीत आहे. म्हणून तो सांगत नाही, रोज वर चढतो. त्याच्या बायकोला मी काय सांगू? दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिससकट. पण यादीत बसायला आधी नाव लागतं. महात्मा फुले योजनेतही ठरलेल्या आजाराचं, ठरलेल्या उपचाराचं पॅकेज असतं, तेही भरती झाल्यावर. नाव शोधायला जो एमआरआय लागतो, नसांची तपासणी लागते, नागपूरच्या दीडशे किलोमीटरच्या खेपा लागतात, तो खर्च खिशातून. एका खेपेला दोन रोज बुडतात, सोबत आलेल्याचे वेगळे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात अचानक लोकांच्या हातापायातली ताकद जाऊ लागली. एनआयव्हीत नमुने गेले, केंद्राचं पथक आलं, पाण्यावर संशय आला, गिया-बारे हे अवघड नाव घराघरात पोचलं, मोफत उपचारांची घोषणा झाली. रुग्ण दोनशेच्या वर गेले. सरकार धावलं हे चांगलंच झालं. पण ते एका वस्तीत एकदम झालं म्हणून दिसलं. आपल्याकडे एक माणूस दुर्गापुरात, एक मूलला, एक भामरागडच्या आत. ते मोजणार कोण?

मेंदूचे आजार शहरातले, असं कुणाला वाटत असेल तर ‘सर्च’चं काम बघा. डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांतले १,५९९ मृत्यू तपासले. त्यातले २२९ पक्षाघाताचे होते, म्हणजे मृत्यूचं पहिलं कारण तेच. बहुतेक जण घरीच गेले. (तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडी वळणं अचानक झालं तर वाट बघायची नाही, लगेच १०८. तिथे हिशेब तासांचा असतो.)

आणि लोक पुजाऱ्याकडे जातात म्हणून हसू नका. पुजारी पहिल्याच भेटीत नाव सांगतो. ‘बाहेरचं आहे’ म्हणतो. चुकीचं का होईना, पण उत्तर देतो. आपली व्यवस्था पुढची तारीख देते.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मेडिकल कॉलेजात ठरलेल्या वारी मेंदूविकारतज्ज्ञ बसायला हवा, नागपूरच्या सुपरमधून पाळीने आला तरी चालेल. पुढच्या भेटी व्हिडिओवर होऊ शकतात. निदानासाठीच्या तपासण्या भरती न होता योजनेत घ्या. आणि एक साधा कागद द्या: ‘तपास सुरू आहे, अमुक काम यांना देऊ नये, अमुक तारखेपर्यंत.’ तो दाखवला की ठेकेदाराने माणसाला खाली, जमिनीवरचं काम दिलंच पाहिजे. या कागदाला मोठं बजेट लागत नाही. पुढच्या अधिवेशनात जिल्ह्याच्या आमदारांपैकी कुणी हे विचारणार आहे का?

ज्यांच्या घरी नॉर्मल रिपोर्टांचा गठ्ठा पडून आहे, त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा. किती महिने झाले, किती खेपा झाल्या, किती पैसे गेले. नावं कुठेही येणार नाहीत. आकडे जमले की मी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे घेऊन जातो.