अस्सल बरहुकूम नक्कल

जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जमविणाऱ्या मंडळींत सध्या नकलांवरून जो वाद माजला आहे, त्यात उभय पक्ष सारख्याच आवेशाने बोलत असले, तरी मुख्य मुद्द्याला कोणीच हात घालीत नाही, असे आमचे मत आहे. एका पक्षाच्या मते कंपनीबाहेर तयार झालेली प्रत्येक कॅसेट त्याज्य होय. दुसऱ्याच्या मते पडद्यावर तोच मारिओ त्याच विटा फोडीत असेल, तर आतली चिप कोणी व केव्हा बसविली याची पंचाईत व्यर्थ होय.

दुसरे मत आपल्याकडे लोकप्रिय व्हावे, याला इतिहास कारण आहे. निन्टेन्डोने 1983 साली जपानात ‘फॅमिकॉम’ यंत्र विक्रीस आणले; परकी कॅसेट ओळखून नाकारणारी चिप त्यात नव्हती, ती पुढे अमेरिकेसाठी काढलेल्या यंत्रात आली; त्यामुळे फॅमिकॉमसारखी यंत्रे आणि साठ पिनांच्या कॅसेटी परस्पर बनवून आशियाभर खपविणे सोपे झाले. 1990 नंतरच्या दशकात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी आपल्या घरांत शिरलेली यंत्रे याच जातीची. त्यांच्या कॅसेटींवर कधी चौसष्ट, तर कधी चक्क 99,99,999 खेळांची ग्वाही असे, प्रत्यक्षात मूठभर खेळ निरनिराळ्या टप्प्यांपासून पुनःपुन्हा दाखविलेले असत, आणि आरंभीच्या पडद्यावरून मूळ कंपनीचे नाव व सन पुष्कळदा पुसून टाकलेले असे. ज्या पिढीने अस्सल कधी पाहिलेच नाही, तिला अस्सलाचा कैवार घेण्याचा अधिकार काय, असा सवाल त्यावरून केला जातो.

हा सवाल आम्हांस सर्वथा अमान्य आहे. त्या कॅसेटीने खेळांची संख्या फुगविली आणि कर्त्याचे नाव बुडविले, हे दोष खरेच; परंतु आपण निन्टेन्डोकडून आलो असा दाखला तिने सहसा दिला नाही, आणि घेणाऱ्यानेही तसे समजून पैसे मोजले नाहीत. आजची बनावट कॅसेट नेमका तोच खोटा दाखला देते. जुना सन, हुबेहूब चिठ्ठी, मुद्दाम मळविलेले कवच आणि अस्सलाची किंमत, हा सारा सरंजाम ग्राहकाची खातरजमा चुकविण्यासाठीच असतो. 2021 च्या जुलैत अमेरिकेतील लिलावात ‘सुपर मारिओ 64’ ची एक सीलबंद प्रत 15 लाख 60 हजार डॉलरांना गेली. जेथे असा भाव फुटतो तेथे बनावटगार येणारच. शिवाय खेळ तोच असतो, हेही सर्वांशी खरे नाही. ‘पोकेमॉन एमराल्ड’च्या कित्येक बनावट प्रतींत खेळाची नोंद टिकत नाही, आणि पोराने महिनोन्महिने वाढविलेला डाव एका दिवशी कोरा होऊन बसतो. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांचा धंदा करणाऱ्यास हा भेद शिकवावा लागत नाही: दुसऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने काढलेला भाग हा व्यापार, बड्या कंपनीच्या खोक्यात घालून विकलेला तोच भाग ही फसवणूक.

परंतु म्हणून पहिल्या पक्षाचा सरसकट बहिष्कारही आम्ही मान्य करीत नाही, आणि आळंदीत बसून लिहिणाऱ्याला तो मान्य करणे शक्यही नाही. ज्यांची समाधी या गावी आहे, त्या ज्ञानदेवांच्या शके 1212 मधील ग्रंथाची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. आपल्यापर्यंत जे पोचले ते नकलाकारांच्या हातून पोचले. त्या नकलांत अपपाठ शिरले, तेव्हा एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि हे काम आपण केले, अमुक शकात केले, असे अखेरीस नमूद करून, पुढच्यांनी आपल्या पदरच्या ओव्या त्यात घालू नयेत असेही बजावले. कर्ता, काळ आणि मर्यादा या तिन्ही गोष्टी उघड सांगणारी ही प्रत चारशे वर्षे प्रमाण मानली गेली. कचेरीतही दप्तरातल्या उताऱ्यावर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ हा शेरा, सही आणि तारीख असल्यावाचून त्याला कोणी विचारीत नाही.

मात्र शेरा मारला म्हणजे कायद्यातून सुटका झाली, असा समज कोणी करून घेऊ नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रॅमचा समावेश 1984 च्या दुरुस्तीने झाला. प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास ती नष्ट होण्याच्या भयाने राखीव प्रत करण्याची मुभा त्यात आहे, अशा प्रतींचा बाजार मांडण्याची नाही. म्हणून आमचे समर्थन आहे ते धन्याच्या राखीव प्रतीला, जुन्या यंत्रासाठी हौशी मंडळी आज नव्याने रचीत असलेल्या खेळांना, आणि हक्कदाराच्या संमतीने निघालेल्या पुनर्मुद्रणाला. 2017 साली कॅपकॉमच्या संमतीने ‘स्ट्रीट फायटर 2’ ची सुपर निन्टेन्डोसाठी पुन्हा निघालेली कॅसेट हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

राहता राहिल्या आपल्या लहानपणच्या त्या कॅसेटी. आतील फळीवर नकलेची खूण समजला जाणारा काळ्या राळेचा ठिपका दिसताच शुद्धतावादी संग्राहक त्यांना कचऱ्यात काढतात, आणि येथे आमचा त्यांना तीव्र विरोध आहे. जपानी मालाची प्रत म्हणून त्यांना मोल नसेल, पण महाराष्ट्रातील मुलांनी प्रत्यक्षात काय खेळले याचा तोच एक साक्षात दस्तऐवज आहे. त्या अस्सल म्हणून विकू नयेत आणि फेकूही नयेत. कवच उघडून फळीचे छायाचित्र घ्यावे, चिठ्ठीवर लिहिलेले खेळ आणि आत सापडलेले खेळ यांची यादी करावी, लॅमिंग्टन रस्ता, तपकीर गल्ली किंवा कोणती जत्रा, जेथून ती घेतली ते ठिकाण, साल आणि दिलेले दाम नोंदवावे. हे काम त्या वेळचे दुकानदार हयात आहेत तोवरच होण्यासारखे आहे.