‘उगवला’ की ‘हजर झाला’?

सुट्टी संपवून मुले परतत होती, त्या दिवसाची गोष्ट. पुण्याकडून येणारी गाडी इटारसीच्या अलीकडे रखडली आणि आमचा एक कॅडेट जबलपूरला पाच तास उशिरा उतरला. गेटवरच्या ड्यूटी कॅडेटने रजिस्टरमध्ये इंग्रजीत लिहिले, ‘२१४० वाजता टर्न्ड अप’. व्याकरण बिनचूक होते. इंग्रजीचा शिक्षक असूनही मी सही केली आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा माझ्यापुढे उभा राहिला. “सर, मी उगवलो नव्हतो. खंडव्याहून फोन करून कळवलं होतं.”

त्याने नेमका मराठी शब्द पकडला होता. ‘टर्न अप’ म्हणजे येणे हे खरे. पण बहुतेक वेळा न कळवता, उशिरा किंवा येण्याची खात्री नसताना येणे. हरवलेली किल्ली अचानक सापडली तरी इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात. आपण “आत्ता उगवलास?” म्हणतो तेव्हा त्यात येण्यापेक्षा राग जास्त असतो. अर्थात, दर वेळी तो टोमणा नसतो. परेड पाहायला पालक मोठ्या संख्येने आले, तर तिथेही हा शब्द शोभतो.

‘अराइव्ह’मध्ये फक्त येणे आहे. ‘रीच’मध्ये पोहोचणे आहे आणि त्यापुढे ‘टू’ लागत नाही, हे आपली मुले हमखास विसरतात. ‘रिपोर्ट’ मात्र वेगळा. जबाबदार माणसासमोर उभे राहून “मी आलो आहे” असे सांगणे, म्हणजे आपले ‘हजर होणे’. त्या रात्री मुलाने तेच केले होते.

एक सहकारी म्हणाले, “अर्थ कळला ना, मग शब्दाचा कीस कशाला?” मला हे पटत नाही. उद्या रजिस्टर वाचणाऱ्याने तो फोन ऐकलेला नसेल. त्याला फक्त शब्द दिसेल आणि त्यावरून तो मुलाला बेफिकीर ठरवील. आम्ही नोंद दुरुस्त केली : ‘रिपोर्टेड, गाडीला उशीर, फोनने कळवले होते.’ खाली मी पुन्हा सही केली. या वेळी वाचून.

कॅडेट्सनो, दुसऱ्याच्या येण्याची नोंद करताना आधी विचारा : उशीर का झाला? कळवले होते का? शब्द त्यानंतर निवडा. आणि पालकांनो, मुलगा घरी उशिरा आला तर “उगवलास?” म्हणण्याआधी तुम्हीही एवढे विचारा.