‘डी’मध्ये टाकताच गाडी बंद पडते तेव्हा

देरासरातील पूजा झाली, नवकारशी आटोपली आणि गोदामाच्या किल्ल्या घेऊन घरातील थोरले गाडीत बसले. इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले आणि एका लयीत चालू लागले. पाय ब्रेकवर, हात गिअरच्या दांड्यावर. दांडा ‘पी’वरून ‘डी’वर आला मात्र, गाडीला हिसका बसला आणि सारे शांत झाले. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. भिवंडीतील व्यापारी घरांत आता ऑटोमॅटिक गाड्या पुष्कळ आहेत आणि हा प्रसंग त्यांपैकी कोणाच्याही दारात उद्या घडू शकतो.

दारात घडला तर तो केवळ त्रास असतो. मानकोली नाक्यावर किंवा राजनोलीच्या वळणावर, मागे भरलेला कंटेनर उभा असताना घडला तर तो जिवावरचा प्रसंग ठरतो. म्हणून दुखणे अंगावर काढण्यात शहाणपण नाही. परंतु घाईने उपाय करण्यातही एक मोठी खोट आहे. गाडी बंद पडते ती गिअर टाकताना, म्हणून पहिला आरोप गिअरबॉक्सवर येतो. “शेठ, गिअरबॉक्स खोलावा लागेल,” हे वाक्य ऐकून जो होकार देतो तो गाडीच्या दुरुस्तीतील सर्वांत जड खर्चांपैकी एक खर्च तपासाविना मंजूर करतो. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळ्या वह्या नव्याने लिहीत नाही. आधी कोणत्या पानावर फरक पडला ते शोधतो. येथेही तेच करावयाचे आहे, आणि त्यातील निम्मे शोधकार्य घरच्या घरी, पाना हाती न घेता होते.

ते समजण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला दुवा ओळखला पाहिजे. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत तेथे क्लच असतो. जुन्या धाटणीच्या ऑटोमॅटिक गाडीत त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. येथे वाऱ्याऐवजी तेल असते, एवढाच फरक. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला, आणि दोघांच्या मधे तेलाचा प्रवाह वळवणारा तिसरा. हरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये या तत्त्वाचे पेटंट घेतले ते मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी. वेगाने फिरणारे टर्बाइन आणि संथ फिरणारा जहाजाचा पंखा यांचा मेळ त्याला घालावयाचा होता.

या रचनेमुळे गाडी ‘डी’मध्ये असून ब्रेकवर उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही. दुसरा पंखा थांबलेला असतो, पहिला तेल घुसळत राहतो. पण घुसळण्याला बळ लागते. म्हणजे ‘पी’मधून ‘डी’मध्ये येताच उभ्या इंजिनावर एक भार पडतो, आणि तो पेलण्यासाठी गाडीचा संगणक त्या क्षणी इंजिनाला थोडी अधिक हवा व थोडे अधिक पेट्रोल देतो. यावरून प्रश्नाचे दोन भाग पडतात: भार नेहमीचाच आहे आणि इंजिन दुबळे झाले आहे, की इंजिन सशक्त आहे आणि भारच अवाजवी झाला आहे?

उत्तराचा पहिला धागा गाडी कशी बंद पडते यात असतो. दांडा ‘डी’वर येताच फेरे हळूहळू खाली येतात, गाडी थरथरते, इंजिन धाप लागल्यासारखे करते आणि मग थांबते, थोडा ॲक्सिलरेटर दाबला तर सावरतेही. असे असेल तर संशय इंजिनावर घ्यावा. याउलट फेरे अजिबात न डळमळता, एका धक्क्यासरशी इंजिन थांबले, तर संशय कन्व्हर्टरकडे वळतो. सरळ रस्त्यावर वेग स्थिर झाला की तेलातील घसरण वाचवण्यासाठी कन्व्हर्टरमधील दोन्ही बाजू एक छोटा क्लच थेट जोडून टाकतो. त्याला लॉक-अप म्हणतात. गाडी थांबण्यापूर्वी तो सुटावयास हवा. त्याला चालवणारा व्हॉल्व्ह अडकला आणि तो सुटलाच नाही, तर स्थिती अशी होते, की साध्या गाडीत पहिला गिअर टाकला, ब्रेक दाबून ठेवला आणि क्लचवरचा पाय एकदम काढला. इंजिन थांबणारच. हे दुखणे बहुधा गाडी तापल्यावर उघड होते: नाशिक महामार्गावरून चांगली धावत आलेली गाडी सिग्नलला थांबता थांबता हिसका देऊन बंद पडते, आणि ‘एन’मध्ये घेतली की लगेच सुरू होते. गिअरबॉक्समधील तेल कमी झाले म्हणून असे होत असेल, असा एक समज आहे. तेल कमी असेल तर गाडी सहसा घसरते, उशिरा पुढे सरकते. इंजिन बंद पडण्याचे ते लक्षण नव्हे.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. गाडी ‘पी’मध्येच ठेवून एसी लावावा. एसीचा कॉम्प्रेसर हाही इंजिनावरचा भारच. तेवढ्यानेच फेरे कोसळत असतील, तर गिअरबॉक्सचा संबंध आलेला नसतानाच दोष दिसला. एसीचा भार इंजिनाने सहज पेलला आणि ‘डी’ मात्र सोसवत नसेल, तर कन्व्हर्टरवरचा संशय बळावतो.

तिसरी परीक्षा फारशी कोणी करीत नाही, आणि पुष्कळ अनर्थ तिच्या अभावी होतात. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय दांडा ‘पी’वरून हलत नाही. म्हणजे ‘डी टाकला’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात दोन कृती झालेल्या असतात: आधी ब्रेक, मग गिअर. आरोप मात्र एकट्या गिअरवर येतो. ब्रेक हलका लागावा म्हणून त्याला इंजिनाच्या निर्वात ओढीची मदत देणारा एक डबा, ब्रेक बूस्टर, जोडलेला असतो. त्याच्या आतला रबरी पडदा फाटला किंवा त्याची नळी चिरली, तर ब्रेक दाबताच बाहेरची हवा मोजदादीशिवाय इंजिनात शिरते, मिश्रण बिघडते आणि इंजिन गुदमरते. म्हणून गाडी ‘पी’मध्ये चालू ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा आणि सोडावा. दर वेळी फेरे बदलत असतील किंवा पायाशी फुसकारा ऐकू येत असेल, तर गिअरबॉक्स निर्दोष सुटला. पण हा दोष नुसता इंजिनाचा नाही, ब्रेकचाही आहे. तो सापडला तर गाडी त्याच दिवशी उभी करावी.

आणखी एक खूण ‘डी’ आणि ‘आर’ यांच्या तुलनेत मिळते. गिअर पडताच इंजिन आपल्या रबरी बैठकीवर किंचित कलते, पुढच्या गिअरला एका बाजूस, उलट्या गिअरला दुसऱ्या बाजूस. बैठक झिजलेली असली की हे कलणे वाढते आणि एखादी अर्धवट तुटलेली तार केवळ एकाच बाजूस ताणली जाते. ‘डी’मध्ये बंद पडणारी गाडी ‘आर’मध्ये निर्धास्त चालत असेल, तर तारा आणि बैठकी आधी पाहाव्यात. गोदामांच्या परिसरात तारा तुटण्याचे नेहमीचे कारण उंदीर. विष घालणे आपल्याला वर्ज्यच. बॉनेटखालच्या उघड्या जागांना बारीक जाळी बसवणे, धान्याच्या पोत्यांजवळ गाडी न लावणे आणि ती चार-आठ दिवस एका जागी पडू न देणे एवढ्यावर बरेचसे भागते.

पडून राहण्यावरूनच पुढचे कारण निघते. चातुर्मासात पुष्कळ घरांत प्रवास आवरता घेतात. गाडी उभी राहते, बॅटरी उतरते, नवी बसते, आणि नेमकी त्याच दिवसापासून गाडी ‘डी’मध्ये बंद पडू लागते. बॅटरी बसवणाऱ्याने काही बिघडवले असे वाटते. वास्तविक, हवेच्या वाटेवरचा दरवाजा, म्हणजे थ्रॉटल बॉडी, वर्षानुवर्षे तेलकट काजळीने आवळत आलेला असतो आणि संगणकाने हळूहळू त्याच्याशी जुळवून घेऊन तो दरवाजा किती उघडा ठेवावा हे शिकून घेतलेले असते. बॅटरी काढल्यावर पुष्कळ गाड्यांत ही शिकवण पुसली जाते. संगणक नव्या गाडीच्या हिशेबाने हवा देतो, वाट मात्र जुनी आणि अरुंद. ‘पी’मध्ये तेवढ्यावर निभावते, ‘डी’चा भार पडताच नाही. थ्रॉटल बॉडी साफ करणे आणि कंपनीच्या पद्धतीने आयडलिंग पुन्हा शिकवणे एवढाच त्यावर उपाय. यंत्रमागांच्या वस्तीत गाडी उभी राहत असेल तर एअर फिल्टरही काढून पाहावा. कापसाचे तंतू आणि रस्त्याची धूळ यांचा थर त्याच्यावर लवकर बसतो.

याउपर स्कॅनरचे काम. संगणकाने नोंदवलेल्या दोषांचे क्रमांक त्यावर वाचता येतात. ‘पी ०७४२’ म्हणजे लॉक-अप सुटत नाही. ‘पी ०५०६’ म्हणजे उभ्या इंजिनाचे फेरे अपेक्षेहून कमी. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. क्रमांक हा निकाल नव्हे, साक्ष आहे. तारेत दोष असला तरी व्हॉल्व्हचा क्रमांक येऊ शकतो, आणि काजळीचा दोष कित्येकदा कोणताच क्रमांक देत नाही. म्हणून ‘कोड नाही, गाडी ठीक आहे’ हे उत्तर मानू नये. आणि कोड दिसला म्हणून त्या नावाचा भाग लगेच बदलूही नये.

येथवरचे कन्व्हर्टरचे विवेचन टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांना लागू आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओ आणली तेव्हापासून स्वस्त ऑटोमॅटिक म्हणून एएमटी आपल्याकडे पसरली. तिच्यात कन्व्हर्टर नसतोच. तेथे साधाच क्लच असतो आणि पायाऐवजी एक यंत्र तो दाबते. अशी गाडी ‘डी’ टाकताच झटक्याने बंद पडली तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे: तो झिजला असेल, त्याला दाबणारे यंत्र दुबळे झाले असेल किंवा त्याची जुळणी चुकली असेल. आपल्या गाडीत कोणती रचना आहे हे पुस्तिकेत पाहून मगच मेकॅनिककडे जावे. एएमटीच्या गाडीला ‘कन्व्हर्टर बदलू’ असे कोणी सुचवले, तर दुसरे गॅरेज शोधलेले बरे.

गिअरबॉक्सवाल्याला गिअरबॉक्स दिसतो, वायरमनला वायर, बॅटरीवाल्याला बॅटरी. अंधगजन्याय आपल्या घरी मुलांनाही ठाऊक आहे, आणि प्रत्येक जण खोटेच बोलतो असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. गाडीच्या बाबतीत हत्तीभोवती फिरून आलेला एकच माणूस असतो, तो तिचा मालक. गार असताना की गरम, झटक्याने की थरथरून, एसीवर काय, ब्रेकवर काय, ‘आर’मध्ये काय, बॅटरी केव्हा बदलली, हे अर्ध्या कागदावर लिहून दिले तर चांगला मिस्त्री अर्ध्या दिवसाचे काम वाचवतो. विचारावयाचे एकच: “खोलण्याआधी कोणती चाचणी केली आणि तिच्यात काय दिसले?”

घरच्या परीक्षा सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना अटकाव लावून आणि समोर-मागे कोणी उभे नसताना कराव्यात; बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. आणि निदान होण्यापूर्वीच गाडी वाटेत बंद पडली तर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नये. बूस्टरमध्ये उरलेली ओढ एक-दोन वेळांपुरतीच असते, नंतर पाय दगडावर ठेवल्यासारखा वाटतो. एकदाच घट्ट दाबून धरावा, धोक्याचे दिवे लावावेत, चावी पूर्ण बंद करू नये, कारण त्याने स्टिअरिंग अडकू शकते. दांडा ‘एन’वर घेऊन इंजिन सुरू करावे आणि डाव्या कडेला यावे. तेथून पुढे कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याला पोहोचण्याची ईर्षा न धरता टोइंगवाल्याला फोन करावा.